गवताच्या पेटीखाली

आमच्या संग्रहालयाच्या वरच्या दालनात अख्खी पृथ्वी काचेच्या पेट्यांमध्ये बसवली आहे. पेटी आपलं म्हणायचं, एकेक आमच्या स्वयंपाकघराएवढी. सदाहरित जंगल, वाळवंट, सूचिपर्णी झाडांचं अरण्य, त्याच्याही पलीकडचा गोठलेला टुंड्रा, प्रवाळांचा समुद्र आणि गवताळ प्रदेश. मी त्यांची धूळ झाडते. हसू नका. मोजे घालून आत शिरायचं, मेणाच्या पानापानाला मऊ कुंचला लावायचा आणि श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा, असं हे काम आहे.

जंगलाच्या पेटीत उभी राहिले की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. खरं जंगल जमिनीतलं पाणी ओढून आभाळात सोडतं, आणि मग ज्यांनी ते जंगल जन्मात पाहिलेलं नाही अशांच्या शेतावर त्याचा पाऊस पडतो. टुंड्राच्या बर्फाखाली काय दडलंय हे कळलं त्या दिवशी तर मी जेवतानाही गप्प होते. हजारो वर्षांचा पालापाचोळा तिथे न कुजता गोठून पडलाय. तो वितळून कुजायला लागला, तर हवा तुमची-आमची सगळ्यांचीच तापणार.

गवताच्या पेटीत मात्र मला असं कधी काही झालं नाही. गवत, आभाळ आणि कोपऱ्यात एक पाठमोरं हरीण. त्यात ती पेटी कंबरभर उंच चौथऱ्यावर. पायऱ्या चढून जायचं आणि पाहायचं काय, तर गवत! शाळेची मुलं तिच्याकडे ढुंकूनही न बघता बर्फाकडे पळत.

आणि ही पेटी केली होती माझ्या सासूबाईंनी.

सासूबाई म्हणजे साधं प्रकरण नव्हे. निवृत्त होईपर्यंत त्यांनी या दालनाला आणि तीन संचालकांना धाकात ठेवलं. आता त्यांचे हात थरथरतात, कप धरायचा तर दोन्ही हात लागतात. जंगलातली त्यांची पानं जुनी झाली म्हणून मीच बदलली, वाळवंट दुसऱ्यांनी नव्यानं रंगवलं. त्यांच्या हातचं म्हणून दालनात ती एक पेटी उरली होती. तिला त्यांनी बाकी सगळ्या पेट्यांपेक्षा जास्त वेळ घेतला होता. ‘आई कामावर जाऊन गवत उगवायची वाट बघायची,’ असं माझा नवरा म्हणतो. त्याचं दुसरं रडगाणं म्हणजे लहानपणी त्याचा एकही स्वेटर दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत टिकला नाही. कुठे जायचे कोण जाणे.

नवे संचालक तसे भले आहेत. त्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, “ताई, ती गवताची पेटी काढू या. कुणी चढतच नाही तिथे. त्या जागी एक पांढरं अस्वल ठेवू, मुलं फोटो तरी काढतील.”

खोटं कशाला सांगू, मला त्यांचं पटलं. पण घरी कोणत्या तोंडानं सांगायचं? संध्याकाळी भांडी आवरता आवरता एकदाचं बोलून टाकलं. सासूबाईंनी कप खाली ठेवला. तो बशीवर बराच वेळ वाजत राहिला.

“कोण काढणार?”

“मीच. उद्या.”

“मी येते.”

त्या रडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या आणि बुटांना पॉलिश करायला बसल्या.

सकाळी संचालकांनी स्वतः त्यांच्यासाठी खुर्ची आणली आणि अवघडून बाजूला उभे राहिले. मी काचेच्या चौकटीला स्क्रूड्रायव्हर लावला.

“वरून नको,” सासूबाई म्हणाल्या. “खालची फळी काढ.”

“अहो आई, खाली नुसता चौथरा आहे.”

“तू केलास का चौथरा? मग काढ म्हटलं की काढायची.”

फळी रंगानं घट्ट बसली होती. एकदाची कर्रकन निघाली. मी बॅटरी घेऊन आत डोकं घातलं. काहीच कळेना, म्हणून आणखी सरकले, उताणी झाले आणि उजेड वर टाकला.

वरच्या प्रत्येक काडीचं मूळ खाली आलं होतं. जाड मुळं, त्यांना फुटलेली बारीक मुळं, त्यांना केसांसारखे तंतू, सगळी एकमेकांत गुंतून माझ्या नाकावरून फरशीपर्यंत लोंबत होती. बॅटरी जिकडे फिरवावी तिकडे मुळंच. वर होतं त्याच्या कितीतरी पट गवत खाली होतं, आणि मी इतकी वर्षं त्याच्यावर मोजे घालून फिरत होते.

“आई, हे...” मी आतूनच ओरडले.

“खरं गवत असंच असतं,” बाहेरून आवाज आला. “वणवा येऊ दे, कळप चरून जाऊ दे, वरचं सगळं गेलं तरी खालचं जिवंत असतं. काळी माती होते ती याच मुळांनी, मरून मरून. ती नांगरून जगानं गहू पेरला. आणि गहू तरी कोण? गवतच. सगळं जग गवतावर जेवतं, आणि म्हणे बघायला काही नाही!”

“पण तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?”

“तेव्हाचे साहेब म्हणाले, काचेतून दिसेल तेवढंच करा. मी म्हटलं बरं. आणि सुट्टीत येऊन केलं. मुळांशिवाय गवत लावायचं म्हणजे लबाडी झाली ना गं.”

एक मूळ निळं होतं. रंग द्यायचा राहून गेला असावा. मी हळूच हात लावला. लोकर होती. मी आधी हसले आणि मग आडवी पडल्या पडल्या रडले.

बाहेर आले तर संचालक कोट काढून उभे होते. ते आत सरकले. बराच वेळ नुसते त्यांचे बूट दिसत होते.

“ही सगळी जमिनीला टेकून तुटल्यासारखी का थांबलीत?” आतून त्यांनी विचारलं.

“फरशी आली,” सासूबाई म्हणाल्या. “खरी याच्या तिप्पट खोल जातात.”

आतून घुमल्यासारखा आवाज आला, “ताई, खाली आपलं स्टोअर आहे ना?”

“हो.”

“तिथला पंखा काढावा लागेल. आणि फरशी फोडायला माणूस बघावा लागेल.”

मी सासूबाईंकडे पाहिलं. मांडीवर त्यांचे हात थरथरत होते. एक मूळसुद्धा आता त्यांना वळता येणार नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. त्यांनी माझे हात ओढून घेतले, उलटेसुलटे करून पाहिले, बोटं चेपून पाहिली. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला.

“काय गं, त्याच्या कपाटात सध्या स्वेटर किती आहेत?”