आत्याने आवाज परत मागितला

तुमच्याही घरात असं एक कार्टं असेल बघा. समोरचा काय सांगतोय ते राहिलं बाजूला, हे फक्त तो कसं बोलतोय ते ऐकणार आणि मध्येच टोकणार. बाबा म्हणाले, घशात काहीतरी अडकलंय, तर हे म्हणणार, आधी उच्चार सुधारा!

आत्याच्या घरातही एक होतं. मुलगी. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल कुठेतरी, पण घर आणि गल्ली तिला 'फाडफाड'च म्हणायची, कारण इंग्रजी बोलायची तर फाडफाड! विद्यापीठात इंग्रजी भाषा आणि भाषाशास्त्र शिकत होती, शेवटच्या वर्षाला. आणि तीन वर्षांत सगळ्यात चांगलं काय शिकली? तर नाक मुरडायला.

आईवडील दुसऱ्या गावी नोकरीला, म्हणून ती आत्याकडे राहायची. आत्याचं बंदराच्या गेटासमोर कपडे दुरुस्तीचं दुकान. खाली दोन मशिनी, एक इस्त्री, माप बघायला एक आरसा आणि ट्रायलसाठी कोपऱ्यात एक पडदा. वर राहायची खोली. जहाज लागलं की खलाशी यायचे. कुणाची चेन तुटलेली, कुणाची पँट ढगळ, कुणाच्या कोटाचं अस्तर फाटलेलं. दहा देशांची माणसं, आणि आत्या सगळ्यांशी इंग्रजीच बोलायची. शाळा सातवीत सुटली होती तिची. इंग्रजी शिकवली ती गिऱ्हाइकांनी, गेल्या बावीस वर्षांत.

"नो टेन्शन, कॅप्टन! टुमारो शिप गो, टुडे पँट गो!" असं ती म्हणायची. येणारा प्रत्येक जण तिच्यासाठी कॅप्टन. जहाजावर भांडी घासणारासुद्धा.

"आत्या, 'पँट गो' काय गं? पँटला काय पाय असतात चालायला?"

"मग काय हात असतात?" आत्या दोरा दातांनी तोडत म्हणायची. आणि ही पाय आपटत जिना चढायची.

तर झालं असं, की शेवटच्या वर्षाला प्रकल्प असतो. ध्वनिशास्त्र शिकवणाऱ्या बाई होत्या, मुलं त्यांना ध्वनीबाई म्हणायची. त्यांनी फाडफाडला विषय दिला: शाळेत न जाता, कामावर इंग्रजी शिकलेली माणसं कशी बोलतात? त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा, लिहून काढा, अभ्यास करा. आता असं माणूस फाडफाडच्या जिन्याखालीच बसलेलं! तिला आयतंच मिळालं.

पण रेकॉर्ड करण्याआधी एक फॉर्म भरावा लागतो. ज्याचा आवाज घ्यायचा त्याला त्याच्याच भाषेत तो वाचून दाखवायचा, सही घ्यायची आणि एक प्रत त्याच्याकडे ठेवायची. फाडफाडने तो असा वाचला, जसं काही गाडी सुटत होती.

"थांब," आत्या म्हणाली. "ते तिसरं परत वाच."

"अगं, फॉर्मॅलिटी असते ती."

"वाच म्हटलं ना."

"'मी कधीही, कारण न देता, माझा आवाज परत मागू शकते. मागितल्यास सर्व रेकॉर्डिंग पुसून टाकलं जाईल. अभ्यासाव्यतिरिक्त ते कोणालाही ऐकवलं जाणार नाही.' झालं?"

"झालं," म्हणून आत्याने सही केली, आणि आपली प्रत मापाच्या वहीत घालून ठेवली.

दुकानात रेकॉर्डर ठेवून, गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्या आत्याचं अकरा तासांचं रेकॉर्डिंग झालं. फाडफाडने पानंच्या पानं लिहिली. ध्वनीबाई खूश! म्हणाल्या, पुढच्या संशोधनासाठी विभागात एकच जागा आहे, हा प्रकल्प महिनाअखेरीस जमा झाला तर ती तुझीच समज. मग काय, फाडफाड जमिनीवर चालेचना.

आता कँटीनमध्ये चला. तिथे हिची टोळी बसायची. टोळीचा म्होरक्या 'टाय', म्हणजे उन्हाळ्यातसुद्धा टाय लावून वर्गात येणारा एक मुलगा. ही सगळी शहाणी मंडळी दिवसभर काय करायची माहितीये? दुसऱ्यांच्या चुका वेचायची. चहावाल्याने पाटीवर काय लिहिलं, वॉचमन काय बोलला, सगळ्याचे फोटो काढायचे आणि खिदळायचं. एवढी पुस्तकं पचवून ढेकर आला तो हा!

एके दिवशी टाय म्हणाला, "फाडफाड, तुझ्या प्रकल्पातलं काहीतरी धमाल ऐकव ना."

आणि या पोरीने ऐकवलं! 'टुडे पँट गो' ऐकवलं. टोळी बाकं बडवून हसली. सगळ्यात मोठ्याने ती स्वतः. कोणीतरी विचारलं, "कोण गं ही बाई?" तेव्हा ती पटकन म्हणाली, "आहे एक टेलर. बंदराजवळची."

आहे एक टेलर! जिच्या हातचं खाऊन सकाळी निघाली होती, ती आहे एक टेलर!

टायने ते हसण्यासकट आपल्या फोनवर टिपून घेतलं आणि त्याची रिंगटोन केली. दोन दिवसांत अर्ध्या वर्गाच्या फोनमध्ये आत्या ओरडायला लागली.

शनिवारी दुपारी फाडफाड दुकानात इस्त्री करत होती. समोरून टाय येताना दिसला. हातात पँट, मान ताठ. हिने इस्त्री उभी केली आणि थेट ट्रायलच्या पडद्यामागे! आत्याने नुसतं बघितलं.

"ही खालून आखूड करायचीये," टाय म्हणाला. "आणि बाई, जरा इंग्रजीत बोला ना! तुमचं ऐकायलाच एवढ्या लांब आलोय."

"माप काय ठेवू?" आत्याने आपल्याच भाषेत विचारलं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "नो टेन्शन, कॅप्टन! टुमारो शिप गो, टुडे पँट गो!" आणि मागून हसण्याचा गडगडाट. त्यात एक हसू बाकी सगळ्यांच्या वर. ते हसू आत्याने पाळण्यापासून ऐकलेलं होतं.

"ओळखलंत का? फेमस झालात तुम्ही!" टाय म्हणाला. "आमच्या वर्गात एक मुलगी आहे, तुमची नक्कल अशी करते ना, पोट दुखतं हसून."

आत्याने नजरेनेच माप घेतलं. तिने पँट मशीनवर घेतली, सरळ टीप मारली, दोरे कापले, घडी घालून त्याच्या हातात दिली. आणि म्हणाली, "परत येऊ नकोस."

तो गेला. पडद्याखाली दोन चपला दिसत होत्या.

"बाहेर ये."

"आत्या, अगं, गंमत होती नुसती..."

"गंमत मला कळते. खलाशी हसतात, मी पण हसते त्यांच्या बोलण्याला. पण ते माझ्या तोंडावर हसतात. मी तुझी आत्या आहे, हे तरी सांगितलंस का त्यांना?"

फाडफाडची फाडफाड कुठल्या कुठे गेली. खाली मान!

"वाटलंच," आत्या म्हणाली. मापाच्या वहीतून तिने तो फॉर्म काढला. "सोमवारी येते तुझ्या विभागात."

आणि आली! गळ्यात मापाची टेप तशीच, अंगात कामाचा झगा, त्याला दोरे चिकटलेले. ध्वनीबाई उभ्या राहिल्या, स्वतःची खुर्ची दिली. आत्या बसली नाही.

"बाई, माझा आवाज परत द्या."

ध्वनीबाईंनी फॉर्म बघितला. मग फाडफाडकडे बघितलं. "काय झालं?"

"मॅडम, नऊ दिवस राहिलेत जमा करायला!" फाडफाड रडकुंडीला आली. "तिला समजत नाहीये, माझं सगळं जाईल. तुम्ही समजावा ना तिला!"

"आधी काय झालं ते मला कळू दे."

आत्याने सांगितलं. चार वाक्यांत. ध्वनीबाईंनी टेबलावरून फाडफाडचा कच्चा प्रकल्प उचलला, एक पान उघडलं आणि पुढे केलं. "मोठ्याने वाच."

फाडफाड वाचू लागली. "'कोणतीही बोली दुसरीपेक्षा कनिष्ठ नसते. कामाच्या ठिकाणी घडलेली भाषा ही अपुरी नव्हे, तर...'" तिने पान खाली केलं.

"हे तू लिहिलंस, की नुसतं उतरवलंस? परीक्षेत हेच लिहून तू वर्गात पहिली आलीस ना? आणि कँटीनमध्ये जाऊन त्यावरच थुंकलीस! मला चीड कशाची येते सांगू? अडाण्यांनी हसलं असतं तर मी म्हटलं असतं, त्यांना माहीत नाही. तुम्हाला तर आम्ही तीन वर्षं हेच शिकवलं!"

"मॅडम, पण तिची भाषा..."

"यांच्याकडे इंग्रजीचे शब्द असतील दोन-अडीचशे. तेवढ्यात यांनी बावीस वर्षं परक्या माणसांना आपलंसं केलं. तुझ्याकडे हजारो. त्यात तू काय केलंस, तर आपल्या माणसाला परकं केलंस. आता सांग, भाषा कोणाला येते?"

मग ध्वनीबाई आत्याला म्हणाल्या, "तुमचा हक्क आहे. तीन दिवसांत सगळं पुसलं जाईल. आणि विभागाच्या वतीने मी तुमची माफी मागते."

फाडफाड बाहेर आली, तर टाय दाराला कान लावूनच उभा. "एवढं काय त्यात? विभागातलं पुसू दे. तुझ्या लॅपटॉपमध्ये आहे ना प्रत? टेलरच्या जागी धोबी लिही, बंदराच्या जागी स्टेशन. कोण बघायला येतंय?"

खोटं कशाला सांगा, फाडफाडला ते पटलं! दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेत हेडफोन लावून बसली, कुठे काय बदलायचं ते शोधायला. ऐकता ऐकता सत्तेचाळिसावी फाइल आली.

एक कोवळा खलाशी होता. आवाज फुटत होता. "फादर... डेड. शिप नो स्टॉप. आय नो गो होम." त्याला बाहीवर दुखवट्याची काळी पट्टी शिवून हवी होती.

मग आत्या. "यू सिट. टी हॉट. आय स्टिच, यू क्राय. नो हरी."

पुढे चार मिनिटं कोणी बोलत नाही. मशीन सावकाश चालतंय, एवढीशी पट्टी शिवायला कधी लागतो का एवढा वेळ? पण ती मुद्दाम हळू चालवत होती. आणि तो पोरगा हुंदके देत होता. कुठल्या लांबच्या गावचा, परक्या बंदरात, एका अनोळखी बाईसमोर मोकळेपणी रडत होता!

फाडफाडने कागदावर बघितलं. महिन्यापूर्वी तिने स्वतःच्या हाताने या फाइलपुढे शेरा लिहिला होता: 'चार मिनिटं शांतता. निरुपयोगी.'

निरुपयोगी!

तिला स्वतःची एवढी किळस आली, की हेडफोन काढून ती तशीच बसून राहिली. मग रडली. आणि मग एकेक फाइल पुसली. विभागातल्या, लॅपटॉपमधल्या, फोनमधल्या. अकरा तास. संशोधनाची जागा गेली, पदवी सहा महिने लांबली. कोणीही तिला पकडणार नव्हतं, तरी पुसलं!

दुसऱ्या दिवशी वर्गात ती उभी राहिली. "ती टेलर माझी आत्या आहे. सगळ्यात आधी मी हसले आणि सगळ्यात मोठ्याने मीच हसले. ज्यांच्या फोनमध्ये तिचा आवाज आहे त्यांनी आत्ता, माझ्यासमोर पुसायचा."

कोणी खाली बघत पुसला, कोणी तोंड वाकडं करून. टाय म्हणाला, "किती मनाला लावून घेतेस गं!" पण ध्वनीबाई मागे उभ्या होत्या, म्हणून त्यानेही पुसला.

"आता मला नवीन प्रकल्प करायचाय," फाडफाड म्हणाली, आणि तिने पिशवीतून कोरे फॉर्म काढले. "विषय: आपण शिकलेली माणसं दुसऱ्यांच्या बोलण्याला कशी हसतो. कँटीनमध्ये रेकॉर्डर ठेवीन, तुमचं बोलणं जसंच्या तसं लिहून काढीन. सही करा."

वीस जणांपुढे वीस फॉर्म गेले. एकानेही पेन उघडलं नाही. टाय तर उभाच राहिला. "आमचा आवाज? वेडी आहेस का? लोक काय म्हणतील? हसतील आम्हाला!"

बघा! बाकं बडवणारे वाघ सगळे! स्वतःचा आवाज ऐकवायची वेळ आली तर शेपूट घालून बसले!

संध्याकाळी तिने दुकानात आत्याला सगळं सांगितलं. आत्या कोटाला अस्तर लावत होती, हात थांबला नाही.

"मग? आता प्रकल्प कोणावर?"

"माझ्यावरच. एक सही माझी तर आहे. गेल्या तीन वर्षांत मी कोणाकोणाला काय काय बोलले, तेच लिहिणार."

"पुरेल एवढं आहे," आत्या म्हणाली.

"आत्या, मला माफ..."

"ते लिहून झालं की वाचून दाखव. आपल्या भाषेत. मग बघू."

आत्याने माफ केलं की नाही, ते फाडफाडला अजून माहीत नाही. पण ती रोज लिहिते, आणि आता समोरचं माणूस बोलत असलं की शेवटपर्यंत ऐकते.

मित्रांनो, आपल्यापैकी कितीतरी जण रोज कोणाच्या तरी बोलण्याला हसतात. शिपायाच्या, रिक्षावाल्याच्या, स्वतःच्या आईच्या. आणि त्याला आपण शिक्षण म्हणतो! लाज वाटायला हवी. भाषा शिकायची ती माणसापर्यंत पोचायला, त्याच्या डोक्यावर बसायला नाही. ज्याला दुसऱ्याची चूक ऐकू येते पण त्याचं दुःख ऐकू येत नाही, त्याच्याकडे पदव्या कितीही असोत, तो बहिराच. पुढच्या वेळी कोणी अडखळत बोललं तर हसू आवरा, आणि त्याचं म्हणणं ऐका.