पंचाण्णव गुण

"गेल्या तीन महिन्यांत पडलात का?"

"कुठं?"

"कुठंही."

"नुसतं टेकलं तर धरायचं का सोडून द्यायचं?"

मी फॉर्म पाहिला. टेकण्याचा रकाना नव्हता. "बूड जमिनीला लागलं की पडलं," मी नियम सांगितला.

"मग दोनदा," मावशींनी पोछा पिळला. "एकदा संडासात, एकदा चादरींच्या खोलीत. चादरींवरचं झकास होतं, उठावंसंच वाटेना. कोणाला बोलू नकोस हं, टाय."

टाय म्हणजे मी. हॉस्पिटलच्या गुणवत्ता कक्षात मी एकटाच होतो आणि गळ्यात टाय असणं ही नोकरीची अट होती. काम एवढंच, की रुग्ण पडू नयेत म्हणून कागद भरायचे. प्रत्येक रुग्णाला प्रश्न विचारून गुण द्यायचे. पंचेचाळीसच्या वर गेला की तो पडणार असं समजायचं, मनगटाला पिवळी पट्टी बांधायची, पायात पिवळे मोजे घालायचे. इथे जास्त गुण वाईट असतात हे लोकांना कितीदा सांगितलं तरी पटायचं नाही. एका मुलाने आईला सत्तर मिळाले म्हणून माझ्याशी हात मिळवला होता.

सिस्टर लोकांना हा फॉर्म शिकवण्यासाठी मला एक नमुना भरायचा होता. खऱ्या रुग्णाला कशाला त्रास, म्हणून मी मावशींना धरलं. बायकांच्या वॉर्डात त्या एकतीस वर्षं आया होत्या. चौदा कॉट आणि दिवसपाळीला एक मावशी.

"दुसरा काही आजार?"

"बीपी. गोळी घेते. घेतली की गरगरतं, नाही घेतली की डोकं दुखतं. दिवस बघून ठरवते."

"चालताना कशाचा आधार?"

"भिंत. कॉटचा दांडा. तुझ्यासारखा कोणी उभा असला तर तो."

"पाय कसे पडतात?"

"एकापुढे एक. तेवढं जमतंय अजून."

"आपल्याला काय झेपत नाही, हे विसरता का?"

यावर त्या हसल्या. "ते लक्षात ठेवलं असतं तर पहिल्याच आठवड्यात घरी गेले असते रे."

पंचवीस, पंधरा, तीस, दहा, पंधरा. सलाइन नाही, म्हणून त्याचे शून्य. बेरीज पंचाण्णव. अख्ख्या हॉस्पिटलात एवढे गुण कोणालाच नव्हते. मी अभिनंदन केलं.

"हसू नकोस," त्या म्हणाल्या. "एकोणीस दिवसांनी माझं निवृत्तीचं वय भरतंय. एक वर्ष वाढवून द्या म्हणून अर्ज टाकलाय. गरगरण्याचं वर कळलं तर मेट्रनबाई सही करायच्या नाहीत."

"घरी आराम नको का?"

"घरी सून म्हणते, 'आई, तुम्ही बसा.' मुलगा म्हणतो, 'आई, तू बस.' नातू अजून बोलत नाही, पण तोही तेच म्हणेल. इथे मला कोणी बसू देत नाही, तेच बरंय."

मी नावाची जागा कोरी ठेवली. कॉट नंबर लागतोच, म्हणून त्या आठवड्यात रिकामी असलेली बारा नंबर लिहिली. वर कोपऱ्यात पेन्सिलीने 'नमुना' असं लिहिलं आणि कागद मेट्रनबाईंच्या टेबलावर ठेवला.

हॉस्पिटलच्या दर्जाची सरकारी तपासणी तोंडावर आली होती. मेट्रनबाईंनी फाइल स्वतः लावायला घेतली. तपासणीच्या फाइलीत पेन्सिल चालत नाही, हा त्यांचा नियम. त्यांनी खोडरबर घेऊन अडीचशे पानांवरची पेन्सिल पुसली, पानांना शाईने नंबर घातले आणि गोषवारा तपासनीसांना पाठवून दिला.

तपासणीच्या दिवशी सकाळी आठला त्यांनी मला बोलावलं.

"तपासनीसांना बारा नंबरच्या पेशंटला भेटायचंय. पंचाण्णववाली."

"मॅडम, तो नमुना होता."

"कुठे लिहिलंय?"

"वर. पेन्सिलीने."

मेट्रनबाईंनी टेबलावरच्या खोडरबराकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. यात चूक कोणाची हे त्या नजरेत ठरून गेलं.

"पान काढून टाकू?"

"एकशे सात नंबरचं पान आहे. एकशे सहानंतर एकशे आठ आलं तर काय सांगू, एकशे सात पडलं म्हणून? कोणाला प्रश्न विचारले होतेस?"

मी सांगितलं. पाचही उत्तरं सांगितली. नोकरीला लागून मला चार महिने झाले होते आणि मेट्रनबाई उभ्या होत्या. आणखी सबब माझ्याकडे नाही.

साडेआठला मावशी बारा नंबरच्या कॉटवर होत्या. अंगात रुग्णाचा गाऊन, मनगटाला पिवळी पट्टी, पायात पिवळे मोजे. हे मोजे घसरू नयेत म्हणून आम्ही तळाला रबरी ठिपक्यांचे मागवले होते. आले ते ठिपके छापलेले. दिसायला अगदी तसेच. मावशींच्या रबरी चपला मेट्रनबाईंनी कपाटात टाकल्या. रुग्णाला चपला शोभत नाहीत.

"सलाइन लावू का, खरं वाटेल," एक सिस्टर म्हणाली.

"नको," मी म्हणालो. "एकशे पंधरा होतील. फाइलीत पंचाण्णव आहेत."

मावशी माझ्याकडे पाहत होत्या. "सांगितलंस ना?" एवढंच विचारलं.

"एका सकाळचा प्रश्न आहे, मावशी," मेट्रनबाई कठडा वर करत म्हणाल्या. "ही मंडळी इमारतीबाहेर जाईपर्यंत उतरायचं नाही. नीट पार पडलं तर तुमच्या अर्जावर आज सही. गरगरतं ते मी ऐकलंच नाही."

"आणि माझी कामं?"

"बघेल कोणीतरी."

तपासनीस दहाला आले. सभ्य गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "आजी, पडू नये म्हणून काय करायचं, हे तुम्हाला कोणी समजावलंय का?"

मावशींनी अकराच्या अकरा सूचना म्हणून दाखवल्या. एकट्याने उठायचं नाही. आधी कडेला बसायचं. ओल्या फरशीवर पाय टाकायचा नाही. चष्मा हाताशी ठेवायचा. मदत मागायला लाजायचं नाही. मदत येईपर्यंत थांबायचं. मी त्या वॉर्डाला वाचून दाखवायचो तेव्हा त्या मागे पोछा मारत असायच्या. पुस्तिकेत दहाच सूचना होत्या. अकरावी त्यांची स्वतःची होती: लागायच्या आधी जायचं, लागल्यावर नाही.

तपासनीसांनी ती लिहून घेतली. "इतका सजग रुग्ण मी पाहिला नाही," ते म्हणाले. मेट्रनबाईंचा चेहरा असा उजळला, की जणू त्यांचंच पोर पहिलं आलंय. मग वॉर्डातल्या दोन्ही सिस्टर फाइली उचलून त्यांच्या मागोमाग पुढच्या मजल्यावर गेल्या. मला दाराशी उभं केलं, ते परत फिरले तर आधी कळावं म्हणून.

अकराच्या सुमाराला तेरा नंबरच्या आजींनी हाक मारली. "मावशी, भांडं."

"आज मी पेशंट आहे, आजी. येईल कोणीतरी."

"कोण येणार? तूच येतेस की रोज."

"आज नाही. आज मला पंचाण्णव मिळालेत."

"मला लागलीय गं."

"थांबा जरा. टाय, बघ रे कोणी आहे का."

मी जिन्यात डोकावलो. कोणी नव्हतं. मी तसं सांगितलं आणि पुन्हा दाराशी उभा राहिलो. बेडपॅन आजींच्या कॉटखाली, माझ्यापासून बारा पावलांवर होतं. पण बायकांचा वॉर्ड, माझं काम वेगळं, गळ्यात टाय. कोणीतरी येईल असं मला खरंच वाटत होतं. मावशींनाही वाटत असावं, कारण त्या बराच वेळ थांबल्या.

मग आजी रडायला लागल्या. मोठ्याने नाही. म्हातारी माणसं गादी ओली व्हायच्या आधी रडतात, तशा.

मावशींनी कठडा खाली केला. त्याची कळ त्यांना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती. आधी कडेला बसल्या, सूचनेप्रमाणे. चष्मा घातला. उभ्या राहिल्या, भिंतीला हात लावला, खाली वाकून भांडं काढलं आणि डोकं वर करताना एक क्षण डोळे मिटले. ठिपके छापलेले मोजे पुढे गेले. मावशी मागे राहिल्या.

खुब्याचं हाड मोडल्याचा आवाज तेव्हा मला माहीत नव्हता. मला वाटलं, भांडं फुटलं. भांडं स्टीलचं होतं.

तपासनीस बाराला गेले. जाताना म्हणाले की निकाल उत्तमच लागेल. मेट्रनबाई वर आल्या, मावशींकडे पाहिलं, खिशातला अर्ज काढून माझ्या हातात दिला.

"याचं आता काही नाही. फाडू नकोस, पाठकोरा आहे."

रुग्ण पडला की तासाभरात अहवाल द्यावा लागतो. आणि मावशी रुग्णच होत्या. नोंद होती, पट्टी होती, गुण होते. मी अहवालाचा कच्चा मसुदा त्याच अर्जाच्या पाठीवर लिहिला. पडण्याचं कारण मेट्रनबाईंनी सांगितलं: रुग्णाने सूचनांचे पालन केले नाही. मग खरा फॉर्म घेऊन मी एक्सरेच्या दाराशी गेलो. मावशी स्ट्रेचरवर होत्या, चेहरा चादरीसारखा. अजून आत घेतलं नव्हतं.

"मावशी, काही प्रश्न आहेत."

"विचार."

"पडण्यापूर्वी चक्कर आली होती?"

"तू लिही काय ते. आजींचं झालं का?"

"गादी बदलतायत," मी म्हणालो. ते खोटं होतं. गादी बदलायला वॉर्डात कोणीच नव्हतं.

मी पुढचा प्रश्न वाचला. "घटनेच्या वेळी मदतीसाठी कर्मचारी हजर होता का?"

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. बराच वेळ माझ्या टायकडे पाहिलं.

"होता की," त्या म्हणाल्या. "मी होते."

दोनच चौकोन होते. मी 'नाही'वर खूण केली आणि पान उलटलं.