चिकट बोटांचा सामना

मित्रांनो, मी एक जुना, हातात मावणारा व्हिडिओ गेम आहे. रंगाने पिवळा, पोटावर पाच बटणं आणि स्वभावाने वात्रट! लोटननानांनी मला रावेरच्या बाजारातून आणलं तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं. आता मिशी पांढरी झाली, खोड्या मात्र तशाच.

नाना केळीच्या पॅकिंगला जातात. जेवणाच्या सुट्टीत माझ्या पडद्यावर वरून विटा पडतात आणि नाना त्या रचतात. सोबत काम करणाऱ्या सुंदरबाईंची चेष्टा करता करता, माझ्याकडे न बघता! अंगठ्याला सगळं पाठ.

एकदा ट्रक घेऊन आलेला प्रेमराज मला बघून खो खो हसला.

"काय नाना, हे डबडं अजून जिवंत आहे? माझ्या फोनवर हाच खेळ नुसत्या बोटाने सरकतो."

"मग लाव सामना."

"हरलात तर हे भंगारवाल्याला द्यायचं!"

"दिलं!" नाना म्हणाले. माझ्या पोटातले सेलसुद्धा थरथरले.

"पण आधी तुझी गाडी भरू भो. हात लाव जरा."

प्रेमराज जोशात घडाच्या फण्या कापायला बसला. बोटं चिकाने बरबटली. पॅन्टला पुसली, पाण्यात बुचकळली; चीक कसला जातोय!

खेळ सुरू झाला. प्रेमराजने बोट सरकवलं, वीट हलेना. जोरात घासलं, तर ती भलत्याच कोपऱ्यात जाऊन बसली. इकडे माझं डावं बटणही चिकाने रुतलं. संपलो, वाटलं! नानांनी मला मांडीवर धरून एक टपली मारली. कुट! बटण वर आलं, आणि आम्ही जिंकलो.

"नाना, तुम्ही मुद्दाम घड कापायला लावले!"

"मग? माझे हात काय गुलाबपाण्यात होते?"

सुंदरबाईंना हसून हसून ठसका लागला.

आता प्रेमराज आला की ट्रकमधून उतरताच मला मागतो. खेळून झालं की तेलाच्या बोळ्याने माझी बटणं पुसतो. तेलाने चीक निघतो, हे सुंदरबाईंनी त्याला सामना संपल्यावर सांगितलं!

तर दोस्तांनो, घरात माझ्यासारखं एखादं डबडं पडलं असेल तर फेकू नका. पुसा, सेल घाला, एकदा दाबून तर बघा. मी अजून ठणठणीत आहे. भंगारवाल्याची आरोळी ऐकली, की मुद्दाम जास्त जोरात वाजतो.