संगणक व त्याचे भाग

पाठ्यपुस्तक मंडळाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत ज्या बाई बसायच्या, त्यांना सगळे आकृतीबाई म्हणायचे. आडनाव त्यांना होतं, पण ते फक्त हजेरीपटाला माहीत. बेडकाचं पोट, फुलाचा उभा छेद, कानाचा आतला भाग, शाळेच्या पुस्तकात जे जे म्हणून कापून दाखवायचं असे ते एकेकाळी त्यांच्याच हातून जाई. मग फोटो आले. फोटो वेळेवर येतात, रजा मागत नाहीत. बेडूक गेला, फूल गेलं, पाठोपाठ कानही गेला, आणि आकृतीबाईंकडे उरली एकच आकृती: नववीच्या पुस्तकात, सातव्या धड्यातली, ‘संगणक व त्याचे भाग’. आठ बाण, प्रत्येक बाणाला अर्धा गुण, एकूण चार.

बाईंची नोकरी अकरा महिन्यांच्या करारावर होती. करार दरवर्षी नवा करायचा तर कारण लागतं, आणि ते कारण म्हणजे ही आकृती. दरवर्षी तिच्यात काहीतरी बदलायचं निघे. एका वर्षी मॉनिटरची ढेरी गेली, एका वर्षी फ्लॉपीची फट बुजली, नंतर सीपीयू बारीक झाला. आकृती आहे तोवर बाई आहेत, हे शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. घरी लांब पल्ल्याच्या बसवर असलेला नवरा पंधरा दिवसांतून एकदा येई, कॉलेजात जाणारी मुलगी होती आणि सासूबाई होत्या. त्यांनाही ठाऊक होतं, पण त्या विषयावर घरात कुणी बोलत नसे.

आणि एके दिवशी समितीच्या बैठकीत नवे तज्ज्ञ आले. वय तिशीच्या आत, हातात ना पिशवी, ना वही. एक मोबाइल तेवढा होता, तोही त्यांनी टेबलावर पालथा ठेवला.

“सातवा धडा बदलायला हवा,” ते म्हणाले. “टेबलावरचा कॉम्प्युटर संपला. लोक बँक, बिलं, पत्रं, अभ्यास, सगळं मोबाइलवरच करतात. आता मोबाइलची ऑपरेटिंग सिस्टीम हाच कॉम्प्युटर. मुलांना आपण मेलेलं जनावर शिकवतोय.”

“मग या बाई सकाळपासून कशावर काम करतायत?” परीक्षावाल्यांनी विचारलं. परीक्षावाले म्हणजे सव्वीस वर्षं प्रश्नपत्रिका काढणारे गृहस्थ. जगातल्या कुठल्याही गोष्टीकडे ते एकाच नजरेने बघत: हिला किती गुण?

“त्यांचाही कॉम्प्युटर जाईल,” तज्ज्ञ म्हणाले, अगदी सरळपणे. वाईट माणूस नव्हता हो तो. खरं बोलायची सवय होती, एवढंच.

अध्यक्षांनी आकृतीबाईंना मोबाइलची आकृती काढायला सांगितली. बाईंनी पट्टी घेतली, चार रेघा मारल्या, चारही कोपरे गोल केले आणि कागद पुढे सरकवला. सगळं काम धरून दोन मिनिटं लागली असतील.

परीक्षावाल्यांनी कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. “आणि नावं कशाला द्यायची?”

“स्क्रीन,” तज्ज्ञ म्हणाले.

“अर्धा गुण झाला. साडेतीन राहिले.”

“कॅमेरा. बाजूचं बटण.”

“कॅमेरा माझ्या फोनला एक आहे, तुमच्या फोनला तीन दिसतायत. मुलगा आपल्या घरातला फोन काढणार. मी कुठल्या घरातला बरोबर धरू?”

तोडगा म्हणून एका शाळेत चाचणी घ्यायचं ठरलं. चाळीस मुलांना ‘मोबाइलची आकृती काढून भागांना नावे द्या’ असा प्रश्न घातला. पुढच्या बैठकीत परीक्षावाल्यांनी गठ्ठा आणून टेबलावर ठेवला आणि चष्मा पुसला. चाळिसांपैकी बावीस जणांनी पडद्यावर कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारी नागमोडी रेघ काढली होती आणि तिला नाव दिलं होतं, ‘तडा’.

“तडा हा भाग नाही,” तज्ज्ञ म्हणाले.

“बावीस जणांच्या मते आहे. मोठ्या भावाचा फोन धाकट्याला आला की तड्यासकट येतो. मग याला अर्धा गुण द्यायचा की नाही, ते समितीने लिहून द्यावं.”

लिहून द्यायचं म्हटल्यावर समितीतल्या सगळ्यांनी पेनांना टोपणं लावली. त्याच चाळीस मुलांना टेबलावरचा कॉम्प्युटरही काढायला सांगितला होता. त्यातल्या छत्तीस जणांना चारपैकी चार. घरी कॉम्प्युटर कुणाच्याच नव्हता. “न पाहिलेली गोष्ट मुलं उत्तम काढतात,” परीक्षावाले म्हणाले, “पाठ केलेली असते ना.”

अध्यक्ष दोघांकडे बघत राहिले. कुणालाच दुखवायचं नाही, या एका गुणावर ते अध्यक्ष झाले होते. शेवटी त्यांनी निकाल दिला: सातव्या धड्यात मोबाइलचा फोटो घालावा, आणि बाईंची आकृती तिच्या चार गुणांसह इतिहासाच्या पुस्तकात, ‘कालची साधने’ या शेवटच्या धड्यात न्यावी.

“साहेब, पण मी आत्ता त्याच्यावरच काम करून आले,” आकृतीबाई म्हणाल्या.

“म्हणून तर तुम्हीच काढा. नमुना शोधायला नको.”

आकृती वाचली म्हणून बाईंच्या जिवात जीव आला होता. तो जिन्यापर्यंत टिकला. जिन्यात परीक्षावाल्यांनी त्यांना गाठलं. माणूस भला होता, आवाज खाली आणून बोलला. “बाई, एक सांगतो. इतिहासाचं पुस्तक दहा वर्षं हलत नाही. त्यात दरवर्षी बदलणार काय? आकृती दिलीत की तुमचं काम संपलं. हां, छापल्यावर चूक निघाली तर गोष्ट वेगळी. मग शुद्धिपत्र निघतं, आणि ज्याची आकृती त्यालाच परत बोलावतात. तसा नियमच आहे, नवीन करारासकट.”

ते हे केवळ माहिती म्हणून बोलले. आकृतीबाई मात्र रेलिंगला धरून तिथेच उभ्या राहिल्या.

तीन दिवस त्यांनी कागदाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी शाई भरली. मॉनिटर काढला, सीपीयू काढला, स्पीकर, प्रिंटर, सगळं जागच्या जागी. मग कीबोर्ड काढला आणि वायरीपाशी आल्या. दर सोमवारी झाडूवाली बाईंच्या टेबलाखालून झाडू फिरवी आणि कॉम्प्युटरच्या सगळ्या वायरी उपटून जाई. बाई ओणव्या होऊन, न बघता, बोटांनी चाचपून त्या परत जोडत. कुठली वायर कुठे जाते हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. म्हणूनच चुकीची रेघ ओढायला हात तयार होईना. दोनदा वायर आपोआप सीपीयूच्या मागेच गेली. दोन्ही कागद त्यांनी फाडले, स्वतःवर चिडल्या, आणि तिसऱ्या खेपेला दात आवळून कीबोर्डची वायर सरळ नेऊन माउसला जोडली. माउसची शेपटी त्यातच संपली. दोघं एकमेकांना बांधलेले, आणि सीपीयूशी दोघांचा काडीचाही संबंध नाही. आंधळ्यालाही दिसावी अशी चूक होती. बाईंना त्या कागदाकडे बघवेना. कुणी पाहू नये म्हणून त्यांनी तो उपडा ठेवला, आणि मग आठवलं की सगळ्यांनी पाहावा म्हणूनच तर काढलाय.

छपाईआधी आकृती अध्यक्षांकडे गेली, सही झाली. परीक्षावाल्यांकडे गेली. त्यांनी बाण मोजले, आठ भरले, सही झाली. तज्ज्ञांनी मोबाइलवर दोन बोटांनी मोठी करून पाहिली. “फार सुरेख रेघ आहे तुमची,” ते म्हणाले. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

करार संपला. जिन्यालगतच्या खोलीत फोटो जमवणारा विभाग आला, बाईंचा कॉम्प्युटर कोठारात गेला. पुस्तक जूनमध्ये शाळांत पोहोचलं आणि आकृतीबाई घरी तक्रारीची वाट बघत बसल्या.

जून गेला, जुलै गेला. हजारो शिक्षकांनी तो धडा शिकवला असेल, लाखो पालकांनी पुस्तकाला कव्हर घालताना चाळला असेल. “कुणीतरी पत्र लिहीलच,” त्या सासूबाईंना म्हणत. “कसलं?” सासूबाई विचारत. “असंच, कामाचं.” दिवाणखान्यातला फोन वाजला की त्या हातातलं टाकून उठत. बहुतेक वेळा कुणालातरी कर्ज द्यायचं असे. बाईंना नको असे.

वार्षिक परीक्षा झाली आणि एक दिवस खरंच मंडळातून फोन आला. परीक्षावाले होते. बाईंनी खुर्ची ओढली.

“बाई, अभिनंदन करायला फोन केला. तुमच्या आकृतीने कमाल केली. तपासनिसांना एकाचाही अर्धा गुण कापता आला नाही. मुलांनी तंतोतंत काढलीय.”

“तंतोतंत?”

“अगदी वायरीसकट.”

“वायर कुठे नेलीय मुलांनी?”

“माउसला. तिथेच जाते ना?”

पलीकडून दोनदा हॅलो आलं आणि फोन ठेवला गेला.

त्या संध्याकाळी त्यांनी मुलीला हाक मारली. “माझ्या नावाने नको, पण एक तक्रार लिहायची आहे. मी सांगते, तू टाइप कर.” मुलीने पलंगावर मांडी घातली आणि दोन अंगठ्यांनी, बाई वाक्य संपवायच्या आत, सगळं पत्र टाइप केलं. ‘या आकृतीत ढोबळ चूक आहे, कृपया तपासावी’ एवढाच मजकूर आणि ‘एक पालक’ एवढीच सही. मग तिने पुस्तक ओढून ते पान उघडलं आणि बराच वेळ निरखून पाहिलं.

“आई, पत्र झालं. पण यात चूक कुठे आहे?”

“नीट बघ.”

“बघतेय. प्रिंटर फार मोठा झालाय का?”

आकृतीबाईंनी पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. “पाठव तसंच,” त्या म्हणाल्या आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या. तिथे काही काम नव्हतं. ओट्याशी उभं राहून त्यांनी थोडं रडून घेतलं.

मंडळाचं उत्तर महिन्याभराने मुलीच्या मोबाइलवर आलं. मुलीने ते जेवताना मोठ्याने वाचलं, सासूबाईही ऐकत होत्या.

‘महोदय, आपली तक्रार समितीसमोर ठेवण्यात आली. तज्ज्ञांनी आकृतीची पुन्हा तपासणी केली असून तीत कोणतीही चूक आढळली नाही. सदर आकृती काढणाऱ्या बाईंनी मंडळात एकोणीस वर्षे काम केले असून त्या काळात त्यांच्या हातून एकही चूक झालेली नाही, याची कृपया नोंद घ्यावी.’

“बघ, किती चांगलं लिहिलंय तुझ्याबद्दल,” सासूबाई म्हणाल्या.

“हो,” आकृतीबाई म्हणाल्या, आणि त्यांना पाणी वाढलं.