नटावरची लाल रेघ

आमच्या घरात नट एक जण कसतो आणि त्यावर खूण दुसरा करतो. ही रीत ह्यांनी उरला इथल्या रोलिंग मिलमधून आणली. तिथे हे एकतीस वर्षं फिटर होते. मिलमध्ये म्हणायचे, 'कसे कोई, निशान लगाए कोई और.' ज्याने नट कसला त्याने आपल्याच कामाला पास करायचं नाही. दुसऱ्याने पाना लावून ओढून बघायचं, नट हलला नाही तर नटावरून बोल्टवर एक सरळ रेघ मारायची. पुढे नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. मिलमध्ये त्यासाठी रंगाचा डबा असायचा, घरी माझी नेलपॉलिश. दर दोन वर्षांनी लाल बाटली आणते मी, पण माझ्या नखांच्या वाट्याला काही येत नाही. सगळी सिलिंडरच्या शेगडीला, पंख्याला आणि टाकीच्या नळाला जाते.

खरं सांगायचं तर ओढून बघणं मी केव्हाच सोडलं होतं. हे म्हणायचे "लाव", मी लावायची. ह्यांनी, म्हणजे धर्मपाल फिटरने, कसलेला नट मी काय ओढून बघणार?

त्या रविवारी पोरीच्या गाडीचं काम निघालं. भावना दुसऱ्या दिवशी जगदलपूरला नव्या नोकरीवर रुजू व्हायला निघणार होती, एकटी, तिच्या जुन्या पांढऱ्या गाडीने. वाटेत केशकालचा घाट. गाडीचे पुढचे दोन्ही शॉकर तेल गाळत होते आणि खड्डा आला की गाडी नाक आपटायची. मिस्त्रीकडे टाका म्हटलं तर ह्यांना राग आला.

"घरात फिटर असून मिस्त्री काहून पाहिजे?" हे म्हणाले.

डिसेंबरात ह्यांना लकवा झाला होता. हलकाच, पण उजवा हात गेला आणि मग हळूहळू परत आला. किती परत आला हे विचारायची हिंमत घरात कोणाची नव्हती. माझं तोंड आख्ख्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, प्रसिद्ध आहे, पण हा प्रश्न माझ्याही तोंडातून कधी निघाला नाही.

सकाळी नऊला अंगणात गाडी जॅकवर चढली. खाली लाकडी ठोकळे लावले, चाकं काढली, डावा शॉकर स्प्रिंगसकट बाहेर आला. खरी भीती पुढे होती. जुना शॉकर काढायचा तर त्याच्याभोवतीची जाड स्प्रिंग आधी दोन शिकंज्यांनी दाबावी लागते. एक शिकंजा ह्या बाजूला, एक त्या बाजूला, दोन्ही सारखे आवळत जायचे. एक मागे राहिला तर स्प्रिंग वाकते, आणि सुटली तर समोरच्याचं डोकं फोडते.

"समोर कोणी बसायचं नाही," हे म्हणाले. "भावना, तू तुझा आवळ, मी माझा. माया, तू मोज. चार फेरे तिचे, चार माझे."

मी मोजत गेले. चार, चार. चार, चार. भावनाने पाना फिरवला की शिकंजा कुरकुरत खाली यायचा. ह्यांचाही यायचा, पण मला वाटलं, थोडा कमीच. पाचव्या खेपेला स्प्रिंग केळ्यासारखी एका अंगाला वाकली आणि ह्यांच्या शिकंज्याचा आकडा टण्णकन आवाज करून बोटभर सरकला. आम्ही तिघंही जिथल्या तिथे थिजलो.

"पप्पा, आपकी साइड पीछे है," भावना हळूच म्हणाली. "मैं कस दूँ?"

"तुझा शिकंजा नवा हाय, म्हणून लवकर चालून राहिला," हे म्हणाले. "दोन खेप थांब तू."

दोन्ही शिकंजे एकाच पुड्यातून निघालेले मी डोळ्यांनी पाहिले होते. तरी गप्प बसले. बोलले असते तर तो प्रश्न विचारावा लागला असता. ह्यांनी दात आवळून आपली बाजू खाली आणली, स्प्रिंग सरळ झाली, शॉकर बदलला. दुपारपर्यंत दुसराही झाला.

मग दोन्ही शॉकर जागेवर बसले. प्रत्येकाच्या पायाशी दोन जाड बोल्ट, जे चाकाला धरून ठेवतात. ते सुटले तर चाक आडवं होतं, आणि घाटात चाक आडवं झालं तर पुढचं बोलायलाच नको. चारही नट ह्यांनी स्वतः कसले, पान्याला लोखंडी पाइप लावून. कपाळावरचा घाम नाकावर आला होता.

"लाव," हे म्हणाले.

मी चार लाल रेघा लावल्या, एकही न ओढता.

चाकं चढली. भावनाने चाकांचे नट पान्यावर उभं राहून घट्ट केले आणि गाडी बाहेर काढली. "एक चक्कर मारके आती हूँ," म्हणाली आणि गेलीसुद्धा. आम्ही पसारा आवरायला लागलो. माझे हात साबणाने बरबटलेले होते, म्हणून मी नेलपॉलिशची बाटली ह्यांच्यापुढे केली.

"झाकण लावा घट्ट. मागच्या वेळी वाळून गेली होती."

ह्यांनी उजव्या हाताने झाकण फिरवलं. अगदी जोर लावून, ओठ मुडपून. "बसलं कडक," म्हणाले आणि बाटली हत्यारांच्या पेटीत आडवी टाकली.

मी हात धुऊन आले तर पेटीत लाल थारोळं. पाने, पेचकस, सगळं माखलेलं. झाकण बाटलीच्या बाजूला पडलेलं होतं.

हे त्या थारोळ्याकडे बघत होते. मग मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं. त्यांचा हातच त्यांच्याशी खोटं बोलत होता, कोण जाणे किती महिन्यांपासून. स्प्रिंगच्या वेळी मी ते पाहिलं होतं आणि गिळलं होतं.

"तिला फोन लाव," हे म्हणाले.

मी लावला. फोन स्वयंपाकघरात ओट्यावर वाजला.

मी चपला न घालता गल्लीच्या तोंडाशी धावले. आमच्या गुढियारी वस्तीचा तो रस्ता, मालधक्क्याकडे जाणारे ट्रक एकामागे एक, आणि त्यांच्या मधून पांढरी गाडी शोधायची. पांढरी प्रत्येक गाडी मला तिचीच वाटत होती. मी स्वतःला शिव्या घालत होते, मोठ्याने. हातात बाटली धरून रेघा ओढणाऱ्या बाईला खूण करणारी म्हणतात का? आंधळी म्हणतात. मागून हे आले, एका हातात सतरा नंबरचे पाने, काखेत पाइप, दुसऱ्यात जॅक, पाय ओढत.

पंधरा मिनिटांनी गाडी दिसली. मी रस्त्याच्या मध्येच उभी राहिले. भावनाने ब्रेक मारला आणि खिडकीतून डोकं काढलं.

"मम्मी, मस्त चल रही है, हुआ क्या?"

"उतर. इथंच. घरापर्यंत बी नाही न्यायची."

किराणा दुकानासमोर गाडी कडेला घेतली आणि जॅक लावला. भावनाने चाक काढलं. बघताबघता पाच-सात माणसं जमली. दुकानदार म्हणाला, "भैया, किसी मिस्त्री को बुला दूँ?"

"मीच हाव मिस्त्री," हे म्हणाले, पण पाना त्यांनी माझ्या हातात दिला.

आख्खा पारा बघत होता. ह्यांच्या चेहऱ्याकडे न बघता मी पाना पहिल्या नटावर बसवला. पलीकडून भावनाने बोल्टचं डोकं धरलं. मी ओढलं, आणि नट फिरला. फार नाही, पाव फेरा. पण रेघ तुटली, अर्धी नटाबरोबर वर गेली, अर्धी बोल्टवर राहिली. दुसऱ्या नटाची रेघ तर मी नीट जोर लावायच्या आधीच तुटली.

हे खाली बसले आणि तुटलेल्या रेघेवरून डाव्या हाताचं बोट फिरवलं.

"मले कडक लागला होता," म्हणाले. "खरंच लागला होता, माया."

"माहीत हाय मले," मी म्हणाले. "पण मी ओढून नाही पाह्यला. तुमच्या हातानं फसवलं, मी तं डोळ्यानं पाहून गप्प बसली. जास्त चूक माझी हाय."

"मिलमध्ये असतो तं दोघंबी नोकरीतून घरी गेलो असतो," हे म्हणाले, आणि मला तिथेच, भर रस्त्यात, रडू आलं. लाज वाटली नाही.

भावनाने पान्याला पाइप लावला, पाय टेकवला आणि दोन्ही नट कसले. तिच्या मानेच्या शिरा फुगल्या. मी घरून सांडलेली बाटली आणली. तळाशी ब्रशभर रंग उरला होता.

"हो गया, पप्पा," ती म्हणाली. "निशान लगा दो."

ह्यांनी ब्रश डाव्या हातात घेतला. नटापर्यंत नेला आणि थांबले. ब्रश परत बाटलीत ठेवला.

"पहिले पाना दे," म्हणाले.

डाव्या हाताने पाना धरला, सगळं अंग मागे टाकून ओढला. नट जागचा हलला नाही. पुन्हा ओढला, दुसरा नटही तसाच. मगच त्यांनी रेघा मारल्या, पाटीवर पहिलं अक्षर काढावं तशा वाकड्या, पण नटावरून बोल्टवर सलग गेलेल्या.

"आता उजवी बाजू," हे म्हणाले. उठायला गेले, पण उठता येईना. मग त्यांनी उजवा हात माझ्यापुढे केला, सगळ्यांसमोर.

"धर," म्हणाले. "याच्यात जोर नाही राह्यला."