दुब्बेलची दुसरी बाटली

संयोगिताचं पत्र येऊन तीन आठवडे झाले होते आणि मी उत्तर पाठवलं नव्हतं. दुसऱ्या कुणाला पाच मिनिटं लागली असती. तिने आणि तिच्या नवऱ्याने, अमरसिंहने, गगनबावड्याच्या रस्त्याला छोटी ब्रुअरी काढली आहे. बेल्जियमच्या पद्धतीची बिअर करतात. चार प्रकारच्या, प्रत्येकी दोन बाटल्या तिने माझ्याकडे पाठवल्या होत्या. सोबत लिहिलं होतं, 'सर, प्रत्येकीला दहापैकी गुण द्या, दोन ओळी लिहा. तुमच्या जिभेवर माझा विश्वास आहे.'

माझा नव्हता. मी कॉलेजच्या ग्रंथालयात जन्म काढला. संयोगिता विद्यार्थिनी असताना आंबवण्यावरची पुस्तकं मागायला यायची. मी ती शोधून द्यायचो आणि देण्याआधी स्वतः वाचायचो, एवढीच माझी पात्रता. बिअर चाखायला लागलो तो सत्तरीनंतर, तिच्या आग्रहाखातर, तीही चहाच्या कपातून.

तरी चाखल्या. गव्हाच्या बिअरला धन्यांचा आणि संत्र्याच्या सालीचा वास होता. सात लिहिले, खोडले, साडेसात केले. सेझाँ नावाची कोरडी होती, घशात मिरीसारखी लागणारी. सहा. ट्रिपेलमध्ये लवंग आणि पिकलेलं केळं. आठ.

मग दुब्बेल. ही गडद तपकिरी असते. तिच्याबद्दल पत्रात वेगळा मजकूर होता. 'बाटलीत फेस धरायला या वेळी पाक न घालता आकाराममामांच्या गुऱ्हाळातला गूळ घातलाय. हाताने चुरून, प्रत्येक बाटलीत चिमूटभर. उकळला नाही, वास जाऊ नये म्हणून.'

मी बूच उचकटलं आणि फेस थेट पंख्याला लागला. बाटलीत राहिली ती कपभर. चव घेतली तर खजूर, काकवी, मागे हलकासा कडवटपणा. इतकं चांगलं काही मी फार वर्षांत चाखलं नव्हतं. पण छतावरून थेंब गळत होते आणि मला वाटलं, चूक माझीच. बाटली शेगडीजवळ ठेवली असेन, हलवली असेन, उघडायची रीत वेगळी असेल. 'तुमची बिअर माझ्या छताला लागली' असं लिहायचं कसं? नवरा-बायको हसतील. म्हणून काहीच लिहिलं नाही. दुसरी बाटली कपाटात ठेवून दिली.

शुक्रवारी दुपारी ती कपाटात फुटली.

मी पलंगावर वाचत पडलो होतो. आवाज एवढा मोठा होता की काही क्षण तो माझ्या छातीतून आला असं वाटलं. शेजारची मेहमुदा ओरडतच आत आली.

"काका! ओ काका! सिलिंडर गेला काय?"

"नाही, नाही. बाटली फुटली."

"कसली बाटली एवढी?" तिने हुंगलं आणि कमरेवर हात ठेवले. "व्हय की! काका, तुमी बी? आमी समजत हुतो पुस्तकं वाचून झिंगतायसा."

तिने हसत हसत कपाट उघडलं आणि ती थांबली. दाराच्या प्लायवूडमध्ये आतून काचेचा तुकडा रुतला होता. बोटाएवढा.

"काका," ती हळूच म्हणाली, "दार उघडं असतं तर? डोळा गेला असता की."

ती गेल्यावर मी पत्र पुन्हा काढलं. चिमटीने घातलेला गूळ सगळ्या बाटल्यांत सारखा पडत नाही. कच्च्या गुळाबरोबर त्याचे स्वतःचे जंतूही आत जातात आणि बुचाखाली आंबवत राहतात. हे मी वाचलं होतं. बाकीच्या बाटल्या सगळ्या तिच्याकडे होत्या आणि पत्राच्या शेवटी होतं, 'महिन्याच्या शेवटच्या रविवारी उद्घाटन. दुब्बेल प्रत्येक टेबलावर.' तो रविवार परवावर आला होता.

माझं खरं असेल तर कुणाचा तरी डोळा जाईल. खोटं असेल तर एका म्हाताऱ्याच्या शंकेपायी त्या दोघांचा पहिलाच दिवस नासेल. दोन्हींची भीती सारखीच वाटत होती.

फोन केला. अमरसिंहने उचलला.

"बोला की सर! मार्क किती दिलं?"

"ती दुब्बेल... तिला जरा फेस..."

"फेस पायजेच की सर! बिअर हाय ती, ताक न्हवं."

"हो. बरोबर आहे," मी म्हणालो आणि फोन ठेवला. मग लक्षात आलं, मी काय केलं ते. पुन्हा फोन लावायला बोट उठेना. पत्र रविवारच्या आत पोहोचणार नव्हतं. जावंच लागणार होतं.

शनिवारी सकाळी रिक्षाने गेलो. शेडमध्ये दुब्बेलचे क्रेट एकावर एक रचलेले होते. त्यांना टेकून अमरसिंहची आत्या बाळाबाई मांडी घालून बसली होती आणि बाटली डोळ्यांपाशी धरून लेबलं चिकटवत होती.

"त्यांना तिथून उठवा," मी म्हणालो.

"सर, काय म्हणालात?" संयोगिताने विचारलं. "मोठ्याने बोला."

"उठवा त्यांना! बाटल्या फुटतायत!"

आयुष्यात एवढ्या मोठ्याने मी बोललो नसेन. सगळे थांबले. मी कपाटाचं सांगितलं, गुळाचं सांगितलं. संयोगिता ऐकत होती. बाळाबाई हलली नाही.

"मी बसतो की हितंच. पावणं लई भित्रं दिसत्यात."

"आत्या, ऊठ, मजा दावतो," अमरसिंह म्हणाला. त्याने मोटारसायकलचं हेल्मेट चढवलं, काच खाली ओढली, हातमोजे घातले. "चाललो चंद्रावर! बघा सर."

पहिली बाटली उघडली. हलकासा फुस्स आवाज. दुसरीही तशीच. तिसरीला तर फेसच आला नाही.

"सर, हिच्यात गूळ घालायचाच ऱ्हायला वाटतं," तो म्हणाला. कामगार हसले. संयोगिता हसली नाही, पण माझ्याकडे बघणंही तिने टाळलं. माझे कान तापले. शेगडीजवळच ठेवली असणार मी. रिक्षा अजून फाटकाशी होती, चार पावलांत बसता आलं असतं.

"अजून एक," मी म्हणालो. "हिच्यात नाही पडला, म्हणजे दुसऱ्या एखादीत जास्त पडला असेल."

"सर, तुमच्यासाठी कायपण." त्याने चौथी बाटली क्रेटमधून नुसती उचलली.

कपाटातल्यापेक्षा मोठा आवाज झाला. बाटलीचा बुडखा नाहीसा झाला. अमरसिंह हात तसाच धरून उभा होता आणि हातमोज्याच्या वर, मनगटातून, रक्त येत होतं. हेल्मेटच्या काचेवर डोळ्यासमोर आडवा पांढरा ओरखडा होता. बाळाबाई कधी उठली कुणी पाहिलं नाही. ती भिंतीशी उभी राहून स्वतःचा चेहरा चाचपत होती.

"सगळे बाहेर," संयोगिता म्हणाली.

तिने मनगटाला फडकं गुंडाळलं. क्रेटवर लांबूनच ओली पोती टाकायला लावली. मग एकेका पाहुण्याला फोन करून उद्घाटन पुढे ढकललं. तिचा आवाज शेवटपर्यंत स्थिर होता. फोन संपल्यावर ती पायरीवर माझ्याशेजारी बसली आणि रडायला लागली.

"आत्या सकाळपासून तिथं बसल्या होत्या, सर."

"उत्तर का नाही दिलंत?"

"वाटलं, चूक माझीच असेल."

"आता द्या. गुणांसकट, लेखी. आणि मी रडले म्हणून वाढवू नका."

सोमवारी लिहायला बसलो. पहिल्या तिघींचे गुण उतरवले. दुब्बेलपाशी पेन अडलं. फुटलेल्या बाटलीला गुण कसले द्यायचे? आणि ती चव नव्हतीच असं तरी कसं लिहायचं? शेवटी लिहिलं, 'चव : नऊ. बाटली : शून्य. गूळ पाण्यात उकळून, सगळ्या पिंपात एकदम घालावा. वास थोडा जाईल. जाऊ द्यावा.'

शून्य हा आकडा मी आजवर कुणाला दिला नव्हता. पाकीट टपालपेटीच्या फटीत धरून उभा राहिलो. मागे एक बाई पत्र घेऊन थांबल्या होत्या. "टाकताय का काका?" त्या म्हणाल्या.

टाकलं. ते तळाशी पडल्याचा आवाज आला. तोवर नऊ जास्त तर झाले नाहीत ना, ही शंका आलीच होती, पण पाकीट आता माझ्या हाताला लागणार नव्हतं.