खैराच्या दोन खुंट्या

तेरावा झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि मग शुभदेने नानांच्या टेबलावरची चादर उचलली. खाली विमान होतं. पांगाऱ्याच्या लाकडाचं, हातभर लांब, एकावर एक असे दोन पंख, आणि खालच्या पंखावर ओळीने चार इंजिनं.

ती खुर्चीत बसून राहिली. दिवाळीत ती पुण्याहून महाडला आली तेव्हा या विमानाचं नुसतं धड होतं. त्याच दिवाळीत नानांनी तिला दोनदा आत्याच्या नावाने हाक मारली होती, आणि कोरायची पटाशी हातातून सटकून तळव्याला तीन टाके पडले होते. जाताना शुभदेने सगळ्या पटाश्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली बरोबर नेली. तिचे वडील नाना, म्हणजे यज्ञेश्वर मास्तर, ज्यांनी तीस वर्षं शाळेत सुतारकाम शिकवलं, ते खिडकीपाशी उभे राहून पाहत होते. ते बोलले असते तर बरं झालं असतं, असं तिला या तेरा दिवसांत कितीदा तरी वाटलं होतं.

किल्ली अजून तिच्याच पर्समध्ये होती. मग हे पुरं झालं कसं?

विमान तिच्या ओळखीचं होतं. पहिल्या महायुद्धाच्या आधी रशियात झालेलं, चार इंजिनांचं पहिलं प्रवासी विमान. लहानपणी जेवताना नाना सांगत, की एका तरुण इंजिनिअरचं एकच इंजिन असलेलं विमान हवेत बंद पडलं. कशाने, तर इंधनाच्या नळीत डास अडकला म्हणून. तेव्हा त्याने ठरवलं, की एक बंद पडलं तरी बाकीच्यांनी माणसांना घरी आणावं. त्या विमानात वेताच्या खुर्च्या होत्या, दिवे होते, थंडीत ऊब होती. एकदा सोळा माणसं आणि एक कुत्रा घेऊन ते उडालं. नानांनी कुत्राही कोरला होता, हरभऱ्याएवढा.

तिने विमान उजेडात धरलं. आतल्या दोन इंजिनांच्या मागे खालच्या पंखाला दोन भोकं पाडून पुन्हा बुजवलेली होती, तीही काळपट लाल लाकडाने. पांढऱ्या पांगाऱ्यावर ते दोन ठिपके डोळ्यांत खुपत होते. ज्या माणसाने उभ्या जन्मात चुकीच्या जागी भोक पाडलं नाही, त्याचं हे शेवटचं काम. म्हणजे नानांचं डोकं आणि हात चालेनासे झालेत, ही आपली भीती खरीच होती.

हे विमान पोलादपूरजवळच्या शाळेत प्रदर्शनाला जायचं होतं. आंबेनळी घाटाच्या पायथ्याचा भिकू सुतार, नानांचा जुना विद्यार्थी, ते उद्या न्यायला येणार होता. पोरांनी ठिपके पाहून हसू नये म्हणून तिने राखाडी रंगाचा डबा आणला आणि दोन्ही पंख रंगवले. त्या दोन जागी कुंचला थोडा अडखळला. घासकामही नीट झालेलं नाही, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी भिकू आला. त्याने चहा घेतला आणि विमान सगळीकडून न्याहाळलं.

"ताई, मास्तरांच्या खुंट्या कुठं गेल्या?"

तिने सांगितलं, की चुकलेली भोकं दिसू नयेत म्हणून रंग दिला.

"नाय गो ताई. मास्तर चुकलं नाय. खैर तर मीच आणून दिला."

मग त्याने सावकाश सांगितलं. रशियातलं खरं विमान एकदम असं झालं नव्हतं. त्याच्या आधीच्या विमानाला पहिल्यांदा दोन इंजिनं होती. जोर पुरेना म्हणून त्यांच्या पाठीमागे आणखी दोन बसवली. तेही मनासारखं होईना, तेव्हा मागची काढून बाहेरच्या बाजूला नेली आणि चारही एका ओळीत आणली. त्यावरूनच पुढचं हे प्रवासी विमान झालं. मास्तरांनीही तसंच केलं. मागे भोकं पाडली, इंजिनं बसवली, काढली, आणि त्या जागी मुद्दाम खैराच्या गडद खुंट्या ठोकून भोकं बुजवली.

"मास्तर म्हणाले, पोरांना दिसू दे इंजिनं आधी कुठं बसवली व्हती. मी खुंट्या घासून सपाट करणार व्हतो, तर माझा हात धरला. बोटाला लागल्या पायजेत म्हणाले."

शुभदेने पटाश्यांचं विचारलं. त्या भिकूच्या होत्या. दर मंगळवारी तो एस.टी.ने यायचा, समोर बसायचा आणि संध्याकाळी पटाश्या परत न्यायचा.

"मला का नाही सांगितलं?"

"तेच म्हणाले, सांगू नको. पोरगी लांब हाय, काळजी करत बसेल."

तिने विचारलं, शेवटी त्यांना सगळं आठवत होतं का. भिकूने खोटं सांगितलं नाही. मास्तर त्याला चांगू म्हणायचे. ते त्याच्या बापाचं नाव. "पण ह्यातलं काय इसरलं नाय."

तिने मान हलवली. मग उठून खिडकीच्या फुटक्या तावदानाचा तुकडा आणला आणि त्याच्यापुढे धरला. सुतार रंग काचेने खरवडतात, हे तिला नानांमुळेच ठाऊक होतं. भिकूने काचेची धार बोटाने पाहिली आणि तुकडा तिलाच परत दिला.

"हळू. पांगारा मऊ असतो."

तिने खरवडायला घेतलं. राखाडी भुगा पडत गेला आणि खालून खैराचा लाल ठिपका वर आला. तिने त्यावरून बोट फिरवलं. केसभर उंच होता. काल कुंचला अडखळला तो इथेच.

भिकूने घड्याळाकडे पाहिलं. साडेतीनची एस.टी. निघून गेली होती. पाचचीही असते, तो म्हणाला, आणि खालच्या पंखाची दुसऱ्या खुंटीकडची बाजू तिच्यासमोर वळवून धरून बसला.